पदवी झाली, आता नर्सिंग करायचंय: मराठवाड्यातल्या पदवीधरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जालन्यात बीकॉम केलं, तीन वर्षं एका दुकानाच्या हिशेबात टॅलीवर नोंदी मारल्या आणि सत्ताविसाव्या वर्षी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बसले. आता संभाजीनगरात आयसीयूत ड्युटी करते. त्यामुळे ओळखीच्या ओळखीतून फोन येत राहतात, "ताई, माझं बीए झालंय, नर्सिंग होईल का?" प्रश्न तेच ते असतात, आणि नाईट करून आल्यावर तीच उत्तरं द्यायचा कंटाळाही येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांना वर्ष-दीड वर्षात नर्स होता येतं का?

भारतात नाही. कुणी येतं म्हणत असेल तर तो कोर्स नर्सिंगचा नाही, नाहीतर सांगणारा खरं बोलत नाही. रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून उभं राहायचं तर आपल्याकडे दारं दोनच. जीएनएम, ३ वर्षं. बीएस्सी नर्सिंग, ४ वर्षं. तुमच्या आधीच्या पदवीमुळे यातला एक महिनाही कमी होत नाही, मग ती पदवी फर्स्ट क्लासची असो की कशीही.

मग यूट्यूबवर दाखवतात तो बारा महिन्यांचा कोर्स खोटा आहे का?

खोटा नाही, अमेरिकेतला आहे. तिकडं त्याला ॲक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे नर्सिंगची झटपट पदवी, म्हणतात. दुसऱ्या कुठल्या तरी विषयाची पदवी असलेल्यांसाठीच तो असतो आणि ११ ते १८ महिन्यांत संपतो. १९७१ मध्ये सेंट लुईस विद्यापीठाने तो पहिल्यांदा सुरू केला, म्हणजे कल्पना पन्नास वर्षं जुनी आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी दोन वर्षांचा मास्टर्स असतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा कोर्स २० महिन्यांचा आहे.

हा वेळ वाचतो कुठून, ते नीट समजून घ्या. सगळी गफलत तिथेच होते. अमेरिकेतल्या चार वर्षांच्या नर्सिंग पदवीत सुरुवातीचा मोठा भाग इंग्रजी, गणित, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि पायाभूत विज्ञानाचा असतो. एक पदवी घेतलेल्या माणसाने त्यातलं बरंचसं आधीच शिकलेलं असतं, म्हणून ते पुन्हा शिकवत नाहीत. उरलेला नर्सिंगचा भाग उन्हाळी सुट्टी न घेता सलग उरकतात. वॉर्डातल्या कामाचे तास मात्र कुणी माफ करत नाही. ब्रिटनच्या दोन वर्षांच्या कोर्सलाही प्रत्यक्ष कामाचे २,३०० तास दाखवावेच लागतात, तीन वर्षांच्या कोर्सइतकेच; फार तर आधी केलेल्या रुग्णसेवेचे काही तास त्यात धरतात.

आणखी एक गोष्ट. तिकडच्या त्या झटपट कोर्सला शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय प्रवेशाआधी पूर्ण असावे लागतात. बीकॉमवाल्याला ते आधी वेगळे करावे लागतात आणि त्यात सहज वर्ष जातं. ते वर्ष जाहिरातीत मोजलेलं नसतं.

आपल्याकडे तसा कोर्स का काढत नाहीत?

कारण आपल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात कापण्याजोगं फारसं काही नाही. थोडं इंग्रजी, संगणक, मानसशास्त्र, समाजशास्त्र सोडलं तर पहिल्या दिवसापासून हाडं, स्नायू, जंतू आणि पलंग. बीएस्सी नर्सिंगला थिअरीची हजेरी ८० टक्के चालते, पण पदवी हातात पडायच्या आधी प्रत्येक विभागातली प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के लागते. आजारी पडलात तरी ते दिवस नंतर भरून द्यावे लागतात. बीकॉमला हजेरी कशी लागते ते मला विचारू नका, पण इथे ती तशी लागत नाही.

माझं मत विचाराल तर ज्यांनी झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलंय त्यांना पहिल्या सत्रातून तरी सूट द्यायला हरकत नव्हती. पण आज तशी सोय नाही. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. पुढेमागे काही बदलेल या आशेवर घरी बसू नका.

माझ्यासमोर नेमके कोणते रस्ते आहेत?

इथे पदवी कुणी विचारत नाही, बारावी विचारतात. म्हणून ट्रंकेतून बारावीची मार्कशीट काढा.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी होतं आणि खुल्या वर्गात ४५ टक्के, राखीव वर्गात ४० टक्के आहेत, तर बीएस्सी नर्सिंग उघडं आहे. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. त्यात हेच चार विषय आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न असतात. पाच-सहा वर्षांनी पुन्हा फिजिक्स हातात घेताना बोटं थरथरतात, पण लातूरला तयारी करणाऱ्या पोरांकडून जुन्या नोट्स निम्म्या किमतीत मिळतात.

बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सची असेल तर जीएनएम. त्याला कुठलीही शाखा चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत स्वतंत्र ४० टक्के लागतात. तुम्हाला बीएस्सी नर्सिंगच करायचं असेल आणि बारावीला विज्ञान नसेल, तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून विज्ञानाचे विषय आणि इंग्रजी घेऊन बारावी पुन्हा करता येते. पण त्यात गेलेला वेळ धरला तर मी सरळ जीएनएमच सांगते.

एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचं शिक्षण, दोन वर्षांचं असतं, मुलींसाठी. त्यातून उपकेंद्रावर आरोग्य सेविका होता येतं. घर सोडायचं नसेल, गावाजवळ राहायचं असेल तर वाईट नाही. पण पदवी झाल्यावर एएनएम केलेल्या दोघी-तिघी माझ्या ओळखीच्या आहेत आणि तिघीही म्हणतात, अजून एक वर्ष काढून जीएनएम केलं असतं तर बरं झालं असतं.

माझं बीएस्सी केमिस्ट्री झालंय. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?

नाही. फायदा एवढाच की बायोकेमिस्ट्रीच्या तासाला तुम्ही झोपलात तरी पास व्हाल.

जीएनएम करू की बीएस्सी नर्सिंग?

हिशेब मांडू. जीएनएम ३ वर्षं. त्यानंतर पदवी हवीच असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी २ वर्षं, एकूण ५. सरळ बीएस्सी ४. कागदावर बीएस्सी स्वस्त पडतं. पण जीएनएमवाला तीन वर्षांनी कमवायला लागतो आणि पदवीनंतर नर्सिंगकडे वळणाऱ्या माणसाच्या घरी बहुतेक वेळा तेच महत्त्वाचं असतं.

पुढे फरक कुठे पडतो? एम्सची नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा घ्या. त्यात बीएस्सीवाल्याला अनुभव लागत नाही, जीएनएमवाल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो आणि वयाची मर्यादा ३० आहे. सत्ताविसाव्या वर्षी जीएनएमला बसलेल्या माझ्यासारखीने नॉरसेटचं नाव विसरलेलं बरं. राज्याच्या भरतीत मात्र खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत संधी असते आणि तिथे जीएनएम चालतं.

म्हणून एकविशी-बाविशीत असाल आणि बारावी सायन्स असेल तर बीएस्सी. पंचविशी ओलांडली असेल तर जीएनएम. हा माझा सल्ला आहे, नियम नाही.

वय किती चालतं?

जीएनएमला १७ ते ३५. एमपीएससीच्या मागे चार-सहा वर्षं गेलेल्यांनो, अजून वेळ आहे. पण पस्तिसावं लागायच्या आत अर्ज करा, नंतर विनंतीअर्जांचा उपयोग होत नाही.

बसस्टँडसमोरच्या बोर्डावर "एक वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी" लिहिलंय. ते काय असतं?

ते बहुधा नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर असिस्टंट किंवा जनरल ड्युटी असिस्टंट यातलं काही तरी असतं. काम प्रामाणिक आहे. पेशंटला उठवणं, पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं, व्हीलचेअर ढकलणं. हे करणाऱ्या मावशी आणि मामा नसतील तर आमचा वॉर्ड तासभर चालणार नाही. पण त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागत नाही आणि नाव लागल्याशिवाय तुम्ही नर्स नाही. मग छोट्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायला लावतात, पगार मावशीचा देतात आणि काही चुकलं तर नर्स म्हणून तुम्हालाच पुढे करतात.

विचारायचा प्रश्न एकच. "यानंतर परिषदेत आरएन-आरएम, म्हणजे परिचारिका-प्रसाविका म्हणून नोंदणी होते का?" समोरचा "होऊन जाईल हो ताई" म्हणाला तर उठा आणि चहा बाहेर येऊन प्या.

कॉलेज खरं की खोटं हे कसं ओळखायचं?

बीएस्सीचं कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतं. जीएनएम आणि एएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. दोन्हीकडे भारतीय परिचर्या परिषदेची त्या-त्या वर्षाची मान्यता बघायची, आणि संस्थेच्या नावाबरोबर जागांची संख्याही बघायची. चाळीस जागांवर साठ पोरं बसवली तर शेवटच्या वीस जणांचं काय होतं ते परीक्षेचा फॉर्म भरताना कळतं.

आणि जाऊन रुग्णालय बघा. कॉलेजची इमारत नका बघू, तिला रंग मारलेला असतोच. मुलांना पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाला, कुठे नेतात ते विचारा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, लातूरची विलासराव देशमुख संस्था अशा मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा निदान जिल्हा रुग्णालयात पाठवत असतील तर तुम्हाला बाळंतपणं, भाजलेले, सर्पदंश, विष प्यालेले, सगळं बघायला मिळेल. वीस खाटांच्या स्वतःच्या दवाखान्यावर भागवत असतील तर तीन वर्षं बीपीच घ्याल.

कागदांचंही सांगते, मी पोळलेय. आधी दुसऱ्याच एका संस्थेत नाव घातलं होतं. तिथल्या क्लार्कने "व्हेरिफिकेशनला लागतात" म्हणून दहावी, बारावी, पदवी सगळं मूळ ठेवून घेतलं. रुग्णालय बघून मन बदललं, तर कागदांसाठी पूर्ण वर्षाची फी मागितली. वडील चार चकरा मारून, शेवटी गावातल्या एका वकिलाला सोबत नेऊन ते सोडवून आले. तेव्हापासून सगळ्यांना सांगते. मूळ कागद द्यावे लागले तर सहीशिक्क्याची पोच घ्या आणि रंगीत झेरॉक्सचे चार संच घरी ठेवा. पदवी आणि नर्सिंग यामध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं, ते तहसीलला एका दिवसात होतं.

एजंट बीदर, कलबुर्गी, बेंगळुरूला स्वस्तात करून देतो म्हणतो. जाऊ का?

चांगली कॉलेजं तिकडंही आहेत. पण "कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेला या" असं म्हणाला तर नको. परत आल्यावर महाराष्ट्रात नोंदणी वर्ग करून घ्यावी लागते आणि तिथे एकेक कागद तपासतात. शिवाय न शिकलेला हात पेशंटच्या शिरेत सुई घालणार, हेही आहेच.

फी आणि शिष्यवृत्तीचं काय?

सरकारी आणि खासगी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून आधी सरकारी जागेसाठी जीव तोडून प्रयत्न करा. खासगीत फीशिवाय होस्टेल, मेस, युनिफॉर्म, पोस्टिंगचा प्रवास, परीक्षा फी हे वेगळं असतं. एकूण आकडा लेखी मागा.

पदवीधरांनी एक खाच लक्षात ठेवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात, एका पातळीचं शिक्षण पूर्ण करून त्याच पातळीचं दुसऱ्या विषयातलं शिक्षण घेणाऱ्याला लाभ मिळत नाही. बीए झालेल्याने पुन्हा पदवीला नाव घातलं की महाडीबीटीवरचा अर्ज इथे अडकू शकतो. प्रवेशाच्या आधीच समाजकल्याण कार्यालयात आपलं प्रकरण तोंडी सांगून विचारा. "सगळ्यांना मिळते" या कॉलेजच्या बोलण्यावर फीचा हिशेब बसवू नका. आमच्या बॅचला एकाने तसा बसवला आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या घरचा बैल विकला गेला.

पहिलं वर्ष कसं असतं? इतकी वर्षं अभ्यासाचा संबंध नाही.

पहिले दोन महिने चादरी घालता. हसू नका. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली असा घालायचा की पेशंट रात्रभर वळला तरी सुरकुती पडू नये, कारण सुरकुतीवर पाठ घासली की जखम होते. ट्युटर मॅडम कोपरा ओढून बघायच्या. निघाला की पूर्ण पलंग पुन्हा.

वर्गात मी सगळ्यात थोरली. अठराच्या पोरी मला आधी "मॅडम" म्हणाल्या, मग "ताई", शेवटी माझ्या जर्नलमधून आकृत्या उतरवू लागल्या. पाठांतरात त्या पुढे, आकडेमोडीत मी. सलाईनचे थेंब मोजायचे असतात ना, तिथे बीकॉम कामी आलं. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेट एका मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, साधारण ४२ थेंब मिनिटाला. मग एक डोळा घड्याळावर, एक चेंबरवर आणि अंगठा चाकावर. पहिल्यांदा बरोबर ४२ पडले तेव्हा ताळेबंद जुळल्यासारखं वाटलं होतं.

जड जातं ते दुसरंच. पहिला मृत्यू. आणि सकाळी सातच्या ड्युटीला पाचला उठून युनिफॉर्मला इस्त्री.

मुलांनी करावं का?

करावं. वॉर्डात ब्रदर असला की आम्हाला हायसं वाटतं. गावात चार दिवस हसतील. पहिला पगार झाला की त्यांच्याच पोरांसाठी प्रवेशाची चौकशी करतील.

लग्न झालंय, मूल लहान आहे. जमेल का?

जमवणाऱ्या बघितल्यात. पण त्या सगळ्यांच्या घरी आई किंवा सासू खंबीर होती. कोर्स पूर्णवेळ आहे. पोस्टिंग सकाळ, दुपार, रात्र फिरतं आणि बऱ्याच कॉलेजांत होस्टेलची सक्ती असते. नवऱ्याशी बोलताना "कॉलेजला जाते" म्हणू नका, "आठवड्याची नाईट लागेल" असं सांगा आणि मग त्याचं तोंड बघा.

पगार किती मिळतो?

सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी मूळ ३५,४०० पासून सुरू होते, त्यावर भत्ते. कंत्राटी जागेवर आणि खासगीत त्याच्या बरंच खाली. आमच्या भागातल्या खासगी दवाखान्यात पहिल्या वर्षी मिळणारा आकडा ऐकून माझ्या जुन्या दुकानाचा शेठ हसला होता. पुण्यात जास्त देतात, पण खोलीचं भाडंही पुण्याचंच.

पैसे जमवून थेट परदेशातलाच तो फास्ट कोर्स केला तर?

श्रीमंत असाल तर विचार करा. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठात फीच कित्येक लाख रुपयांत जाते, आणि कोर्स इतका दाटीचा की सोबत काम करून खर्च काढणं होत नाही. आपली तीन वर्षांची बीए-बीकॉम तिथली काही विद्यापीठं चार वर्षांच्या पदवीबरोबरीची धरत नाहीत, तेव्हा दारातच अडता. शिकून झालं, एनक्लेक्स ही तिकडची नर्सच्या परवान्याची परीक्षा पास झालात, तरी तिथे कायमचं राहायला भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची आहे. आणि परत आलात तर तिकडची पदवी इथल्या परिषदेने मान्य केल्याशिवाय इथे काम करता येत नाही.

त्यापेक्षा इथे शिकून, दोन वर्षं अनुभव घेऊन परीक्षा देऊन जाणं कितीतरी स्वस्त. एनक्लेक्सचं केंद्र भारतातही आहे.

जर्मनीचं काय ऐकतो ते?

ते खरं आहे, पण तो झटपट कोर्स नाही. तिकडचं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं असतं. २,१०० तास वर्ग, २,५०० तास काम, आणि शिकत असताना महिन्याला हजार युरोच्या वर मानधन. फी भरायच्या ऐवजी पैसे मिळतात म्हणून पदवीधर पोरं तिकडं वळतात. त्याआधी जर्मन भाषा बी-१, बी-२ पर्यंत करावी लागते आणि त्यालाच वर्ष जातं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून भाषेचे क्लास गल्लोगल्ली निघालेत. क्लास लावा, पण करारपत्रावर सही करायच्या आधी ते समजणाऱ्याकडून वाचून घ्या. मधेच सोडलं तर किती भरायचं, ते कलम शेवटच्या पानावर असतं.

इंग्रजी कच्चं आहे, अभ्यास झेपेल का?

पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, पण पेशंट इंग्रजी बोलत नाही. पहिल्या वर्षी मी दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारली होती. डावीकडे पेशंट काय म्हणतो, उजवीकडे नर्सेस नोट्समध्ये काय लिहायचं. "पोटात गोळा येतो", "अंग मोडून आलंय", "हातपाय गळाले", "डोकं गरगरतंय". देगलूरकडचे तेलुगू मिसळून बोलतात, तांड्यावरची आजी गोरमाटीत, आमच्या मोहल्ल्यातली खाला दखनीत. सहा महिन्यांत वही भरली आणि पेपरचं इंग्रजी त्यातच बसून गेलं. त्यातली एक ओळ आमच्या इनचार्ज सिस्टरने लाल पेनने गोल केली होती, तीच नव्या मुलींना दाखवते. डावीकडे लिहिलंय, "जीव घाबरा होतोय". उजवीकडे मी लिहिलं होतं, "भीती". सिस्टरने ते खोडून लिहिलं, "आधी घाम बघ, पल्स बघ, बीपी आणि ऑक्सिजन बघ, डॉक्टरांना फोन लाव. भीती शेवटी लिही."